एका देवाला दोन नवस

माझी नात फुटबॉल खेळते. हौस म्हणून नाही, पोटासाठी खेळते. गवंडी भिंत बांधतो, माझा मुलगा एसटी चालवतो, तशी ती पळते. त्या पळण्यापायी ती आतापर्यंत चार परदेश फिरली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीतल्या बायका मला अजून विचारतात की पोरगी तिकडं नक्की करते काय. मी त्यांना सांगते, पळते. त्या म्हणतात, कशाच्या मागं? मी म्हणते, चेंडूच्या. मग त्या माझ्याकडं असं बघतात की जणू मीच काहीतरी लपवतेय.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर आणि सासर दोन्ही मंद्रूपच्या आसपासचं, दोन्ही घरं मेंढरांची. मुलगा एसटीत ड्रायव्हर झाला तसे आम्ही सोलापुरात आलो आणि मेंढरं दिराच्या वाट्याला गेली. नात सोलापुरातच जन्मली. चालायला लागली त्या दिवसापासून ती दिसेल ते लाथाडायची. लिंबं, करवंट्या, बापाची चप्पल, माझा पानाचा डबा. आमच्या घरात तिचा पाय न लागलेलं एक देवघरच तेवढं राहिलं होतं. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी तिला बघितलं आणि घरी येऊन म्हणाले की या मुलीला फुटबॉलला पाठवा. मी म्हटलं, न्या. घरात भांडी तरी शाबूत राहतील.

मास्तरांनी नेली ती नेलीच. आधी जिल्ह्याच्या संघात, मग राज्याच्या, मग केरळातल्या एका क्लबात. आणि तिथून परदेश सुरू झाले.

पहिला नेपाळ. तिथं थंडीनं तिची बोटं आखडायची आणि रोज फोनवर ती शेंगाच्या चटणीची आठवण काढून जीव खायची. मग मालदीव. तिथं म्हणे मैदानाच्या भिंतीपलीकडं समुद्रच. जोरात मारलेला चेंडू भिंतीवरून गेला की पाण्यात. माझा मुलगा तिला म्हणाला, मग बाहेरून चेंडू आत कोण टाकतं, मासे? त्यावर आम्ही घरभर हसलो. फक्त माझी सून हसली नाही. तिनं विचारलं, पोरीला पोहता येतं का.

तिसरा देश जॉर्डन. एकदा तिथून नात व्हिडिओवर बोलत होती आणि तिच्या पाठीमागून मेंढरांचा कळप चालला होता. ती सांगत होती की तिला संघात घेतलंय, आणि मी ओरडत होते की फोन तिकडं फिरव. तिनं फिरवला. लांब कानांची, तपकिरी तोंडाची चांगली जनावरं होती. राखणारा मात्र झोपाळू दिसला. नात नंतर बापाला म्हणाली की आज्जीला माझ्यापेक्षा मेंढरांचं कौतुक जास्त. खोटं नव्हतं ते. तिला मी रोज बघत होते, तसली मेंढरं पहिल्यांदाच बघितली.

आणि चौथा देश उझबेकिस्तान. गोष्ट तिथली आहे.

त्याआधी एक सांगायला पाहिजे. माझी नात गोल करत नाही. करतच नाही असं नाही, पण वर्षानुवर्षं जातात आणि एखादा होतो. ती मधली आहे. मैदानाच्या मध्यात खेळते. मागून चेंडू घ्यायचा आणि पुढं द्यायचा, एवढंच तिचं काम. मला हे फार दिवस पटत नव्हतं. शेजारीण विचारायची, आज किती गोल केले? मी म्हणायची, एकही नाही. ती म्हणायची, मग तिला ठेवतात कशाला? मलाही तेच वाटायचं. शेवटी एकदा नातीनं मला घोंगड्यावर बसवून चणे-शेंगदाणे मांडून दाखवलं की कोण कुठं उभं राहतं आणि मधलीनं चेंडू दिलाच नाही तर पुढच्या कशा नुसत्या ताटकळतात. मला ते बरंच कळलं. उरलेलं शेंगदाण्यांबरोबर खाऊन टाकलं.

माझी सून अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी अर्धं मराठी, अर्धं कानडी. बाई कष्टाळू, बोलायला कमी, आणि हट्टाला माझ्या बरोबरीची. तिचं एकच म्हणणं होतं. पोरीनं परत यावं, खेळाडूंच्या जागेतून पोलिसात भरती व्हावं, खाकी घालून सकाळी दारातून जावं आणि संध्याकाळी त्याच दारातून आत यावं. या शेवटच्या भागासाठीच बाकीचं सगळं होतं. भरतीचं वय निघून चाललं होतं आणि हे ती रोज भाकरी थापताना बोलून दाखवायची, परातीला. मोबाइलवर नातीचा सामना लावला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मुलगा आणि मी ओरडत बसायचो, आणि आतून भांड्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

गेल्या हंगामात नातीचा फोन आला की तिचा क्लब तळाला आलाय. शेवटचा सामना जिंकला तरच वरच्या गटात राहणार. राहिला तर तिच्याशी आणखी दोन वर्षांचा करार. बरोबरी झाली किंवा हरले तर क्लब खालच्या गटात जाणार आणि बाहेरदेशच्या सगळ्या मुलींना घरी पाठवणार. तिचा गुडघा त्याच वर्षी दुखावून बरा झाला होता. असल्या गुडघ्याला दुसरा क्लब कोण घेणार? म्हणून तिनं ठरवलं की आम्ही तिचा एक सामना तरी डोळ्यांनी बघावा, कदाचित तोच शेवटचा असेल. तिकिटं तिनंच काढली. माझा मुलगा आला नाही. आयुष्यभर घाटातून बस चालवलेला माणूस, पण विमान म्हटलं की त्याचे पाय गळतात. म्हणून निघालो आम्ही दोघी, सासू आणि सून.

निघायच्या आधी गावी बिरोबाच्या दर्शनाला गेलो. आमच्यात कुठल्याही मोठ्या कामाला निघताना देवाचा भंडारा बरोबर घेतात. भंडारा म्हणजे हळद, देवाला वाहिलेली. कपाळाला लावायची, आणि पालखी उठली, आनंदाचं काही झालं की मुठीनं वर उधळायची. मी देवापुढं उभी राहिले आणि सरळ मोठ्यानं मागितलं, माझी नात जिंकू दे, तुला नवं घोंगडं वाहते. माझं झाल्यावर सून पुढं झाली. डोळे मिटून ती पुटपुटली, आणि पुटपुटली कानडीत.

तिला वाटलं मला कळत नाही. मी कानडी बोलत नाही, पण तिला नांदवून इतकी वर्षं झाली. सुनेची भाषा सासूला कळणार नाही तर कुणाला? ती देवाला म्हणाली की पोरगी हरू दे, घरी येऊ दे, तुला पितळेची घंटा बांधते.

 परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मी विचारलं.

"काय मागितलंस गं देवाला?"

"काय न्हाय. समद्यांचं बरं कर म्हणलं."

"कानडीत म्हणलीस."

"देवाला कळतीया की कानडी."

"मला बी कळतीया."

 ती ओठ दाबून बाहेर बघत म्हणाली की तुमी तुमचं मागितलं, मी माझं मागितलं, आता त्याचं तो बघंल. मला राग यायला पाहिजे होता. पण त्या देवाची दशा डोळ्यांपुढं आली आणि मला हसूच आलं. एक घर, एक पोरगी, एक सामना, आणि दोन बायका दोन बाजूंनी त्याचं धोतर ओढतायत. मी एसटीत मोठ्यानं हसले. सून आणखीच तोंड फिरवून बसली.

विमानाचं फार सांगत नाही. एसटीपेक्षा हलतं कमी आणि खिडकी उघडत नाही. मुंबईच्या विमानतळावर आमच्या पिशवीतल्या कडक भाकऱ्या एका साहेबानं बाहेर काढल्या आणि बोटानं ताटलीसारख्या वाजवून बघितल्या. मी म्हटलं, वाजवताय काय, खावा की. त्यानं तुकडा मोडला, खाल्ला आणि चटणी कुठली असं विचारलं. भंडाऱ्याच्या पुडीचा मात्र त्यांनी दोन-दोन माणसांनी वास घेतला. शेवटी एका बाईसाहेबांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि पुडी परत दिली.

उझबेकिस्तानात उतरलो तर थंडी अशी की तोंडातून धूर. सुनेनं साडीवर नातीचा खेळाचा कोट चढवला आणि पायात गुडघ्यापर्यंत येणारे फुटबॉलचे मोजे. मी पण तेच घातले. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती आणि नात म्हणत होती की तुम्ही दोघी आमच्या राखीव खेळाडू दिसता.

पण देश मला आवडला. पहिल्याच दिवशी नात आम्हाला बाजारात घेऊन गेली. तिथं बाजाराला बाजारसारखंच काहीतरी म्हणतात, चहाला चायसारखं, आणि मटणाला गोश्तच. आमच्या सोलापुरातल्या मुसलमान शेजारणीची बोली मला येते. तेवढ्यावर मी अर्धा बाजार फिरले. आणि मेंढरं! बाजारामागं विकायला बांधलेली. शेपटीच्या जागी चरबीचं एवढं मोठं गाठोडं की जनावर चालताना ते मागं हेलकावे खातं. मी सगळं आयुष्य मेंढरांत काढलं, पण असलं काही बघितलं नव्हतं. मी एकाचं गाठोडं हातानं उचलून बघितलं. मालक धावत आला, पण मी दात बघितले, पाठ दाबली, तेव्हा त्याला कळलं की बाई आपल्यातली आहे. त्यानं मला गरम चहा दिला. नात सारखी म्हणत होती, आज्जी चल, मला सरावाला जायचंय. मी म्हटलं, तू जा की.

सामन्याच्या दिवशी दुपारी आम्ही मैदानावर गेलो. बायकांच्या सामन्याला गर्दी फार नसते. मंद्रूपच्या आठवडी बाजारात सकाळी लवकर जेवढी माणसं दिसतात तेवढीच होती, पण आवाज बक्कळ. आम्हाला कडेच्या पायऱ्यांवर अगदी खाली, जाळीजवळ जागा मिळाली. मी कमरेला पानाचा बटवा खोचला होता आणि सुनेनं भंडाऱ्याची पुडी. मी तिला म्हटलं, आण ती माझ्याकडं, तुझा काय उपयोग, तू तर हरायची वाट बघतीयास. तिनं दिली नाही. म्हणाली, भंडारा देवाचा हाय, तुमच्या एकटीचा न्हाय.

सामना सुरू झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की फोनवर काही दिसतच नाही. फोनवर ती मुंगीएवढी दिसते. इथं तिच्या पायांचा धबधब आवाज येत होता, अंगाला अंग आपटल्याचं ऐकू येत होतं. आणि ती बोलत होती. सारखी बोलत होती. हात करून एकीला मागं ओढ, दुसरीला पुढं ढकल, तिसरीवर खेकस. कुठल्या भाषेत ते कळत नव्हतं, पण आवाज माझ्या सासूचा होता, शंका नको. आमच्या घरात या पोरीचं कुणी ऐकत नाही. तिथं सगळ्या ऐकत होत्या.

अर्धा सामना झाला तेव्हा कुणाचाच गोल नव्हता. आमच्यातल्या एका कोवळ्या पोरीनं दोनदा चेंडू हातचा घालवला होता आणि ती रडकुंडीला आली होती. बाकीच्या आत निघून गेल्या. माझी नात थांबली, त्या पोरीच्या मानेवर हात ठेवून तिला चालवत, काहीतरी सांगत आत घेऊन गेली. आमच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी सुनेला म्हटलं, बघ, आईशीपण ओळख नाही.  सून मोजे वर ओढत बसली आणि मग डोळे मिटून बसली. मला वाटलं थंडी वाजतेय.

दुसऱ्या भागात समोरच्यांनी नुसता दंगा केला. आमच्या गोलाच्या खांबावर चेंडू आपटला, तेव्हा माझ्या तोंडातलं पान खाली पडलं. वेळ सरत चालली. बरोबरी म्हणजे हार, हे आम्हाला दोघींना ठाऊक होतं. म्हणजे सुनेचा नवस फळायला आला होता. मी तिच्याकडं बघितलं. ती उभी होती. जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

तेवढ्यात आमच्या अगदी समोर नातीला चेंडू मिळाला. तिच्यावर दोघी धावून आल्या. ती वळली, अंगाखालून चेंडू काढला, मान वर केली आणि लांब, तिरका, मैदान कापत पुढं दिला. तो चेंडू हवेत असतानाच माझ्या कानाशी आवाज फुटला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

माझ्या सुनेनं पुडीतला सगळा भंडारा मूठ भरून वर उधळला.

आता इथं नीट ऐका, कारण सगळी गंमत यातच आहे. गोल अजून व्हायचा होता. चेंडू नुसता निघाला होता. त्या मैदानातली सगळी माणसं चेंडूमागं बघत होती, आणि माझी सून चेंडू देणारीकडं बघत होती. तिच्या लेखी जे व्हायचं ते झालं होतं. तिकडं पुढच्या पोरीनं चेंडू पायावर घेतला आणि जाळ्यात घातला, आणि इकडं वाऱ्यानं भंडाऱ्याचा पिवळा ढग जाळीवरून मैदानात नेला.

मग जे झालं त्याला मी काय म्हणू? आमच्या पोरी नाचतायत. समोरची गोलराखी पोरगी डोळ्यांना हात लावून ओरडतेय की माझ्या डोळ्यांत काहीतरी फेकलं. पंच एक बाईच होती. ती शिट्ट्या मारतेय. पहारेकरी धावत आमच्याकडं येतायत, त्यांना वाटलं आम्ही कसलीतरी धुराची नळकांडी फोडली. आणि मधोमध माझी नात उभी, केसांपासून मोज्यांपर्यंत पिवळी. लग्न राहिलं बाजूला, पोरीला हळद मात्र लागली.

पहारेकऱ्यानं सुनेला दरडावून विचारलं. घाबरली की ती कानडीतच बोलते. ती त्याला सारखी सांगत होती, अरिशिण, अरिशिण. आता अरिशिण म्हणजे हळद हे त्या उझबेक माणसाला कोण सांगणार? मी मधे पडून म्हटलं, हल्दी है बाबा, खाने की हल्दी. तेही त्याला कळलं नाही. तेव्हा सुनेनं पुडीच्या कागदाला चिकटलेला भंडारा बोटानं काढला आणि सरळ जिभेवर ठेवला. पहारेकरी मागं सरकला. मग पुढं येऊन त्यानंही बोट लावलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

पंच बाईनं खेळ थांबवला होता. गोल द्यायचा की नाही, हे तिला ठरवायचं होतं. भंडारा आधी उडाला, चेंडू नंतर जाळ्यात गेला. त्यानं खेळात अडथळा आला असेल तर गोल नाही. गोल नाही म्हणजे विजय नाही, करार नाही. माझ्या सुनेनं आनंदानं उधळलेल्या भंडाऱ्यानं तिचा तो कानडीतला नवस फळायला लागला होता. मला रडावं का हसावं कळेना, म्हणून मी हसले.

पंच बाईनं नातीला जाळीपाशी पाठवलं, यांना विचार म्हणून. नात आली. पापण्यांवरसुद्धा हळद होती.

"आई, गोल व्हायच्या आधी कशाला फेकलंस?"

"तू पास दिलास की."

  त्या बाईच्या तोंडून पास हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

"तुला पास कळतो?"

"दोन वरसं बघतीया," सून म्हणाली. "पिठाच्या डब्याला फोन टेकवून. तू चांगला देतीस. पुढच्या पोरी घालवत्यात."

म्हणजे ती स्वयंपाकघरात जायची ती यासाठी. आणि भांडी वाजायची नाहीत ती यासाठी. आम्ही बाहेर ओरडत असताना ती आत दात आवळून तोच सामना बघत होती. मी त्या घरात राहते आणि मला पत्ता नाही.

नात पळत परत गेली. पंच बाईनं गोलराखीला बोलावलं, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मग तिचे हातमोजे उलटेपालटे करून बघितले. मोजे पांढरे होते. त्यांच्यावर पिवळा कण नव्हता. भंडारा सगळा माझ्या नातीच्या अंगावर आणि कोपऱ्यातल्या झेंड्यावर पडला होता, गोलपर्यंत पोचलाच नव्हता. पंच बाईनं मैदानाच्या मध्याकडं बोट केलं. म्हणजे गोल दिला. आमची बाजू अशी ओरडली की मी सुनेला मिठी मारली. तीस वर्षांच्या वर आम्ही एका घरात राहतो, पण मिठी तीच पहिली. तिला पण अवघडल्यासारखं झालं.

सुखानं बघू मात्र दिलं नाही. पहारेकऱ्यानं आम्हा दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं, नियमच तसा. उरलेला सामना आम्ही दरवाजाबाहेर उभ्या राहून ऐकला. तिथं एक बाई गाडीवर गोल मोठ्या रोट्या विकत होती. तिनं आमची हळदीची तोंडं बघितली आणि काही न विचारता एक गरम रोटी मोडून दिली. आतून ओरडा आला की आम्ही चावायचं थांबायचो. कुणाचा ओरडा, आपला की त्यांचा, काही कळत नव्हतं. सून सारखी म्हणत होती, आता मागं थांबायला पायजे तिनं, पुढं जाऊ नये. मी म्हटलं, गप गं, मास्तरीण.

मग लांब शिट्टी झाली. आणि आम्हाला बाहेर काढलेला तोच पहारेकरी दरवाजातून आला. त्याच्या बाहीवर आमचा पिवळा पंजा उमटलेला होता. त्यानं छातीला हात लावला, हसला आणि दरवाजा उघडून धरला.

आत नात चिखलात बसली होती. आईला बघून उठली आणि पहिलं वाक्य म्हणाली, मी आता घरी येत नाही, कळलं ना, दोन वर्षं. सून म्हणाली, कळलं, मला मोजता येतंय. मग पदराचं टोक ओलं करून तिनं पोरीच्या पापण्यांवरची हळद पुसली आणि गुडघ्याला पट्टी नीट का बांधली नाही म्हणून सगळ्या संघादेखत तिला झापलं. सगळ्यांना गोळा करून कुठं उभं राहायचं ते सांगणारी माझी नात मान खाली घालून व्हय, व्हय म्हणत होती. त्या कोवळ्या पोरीला ते बघून फार हसू आलं.

घरी आल्यावर नवस फेडायला आम्ही दोघी परत गावी गेलो. माझं घोंगडं मी आणलंच होतं. सुनेनं पिशवीतून पितळेची घंटा काढली.

मी म्हटलं, "ही कशाला? तुझा नवस कुटं फळला?"

"फळला की."

"पोरगी जिंकली. तू हरायचं मागितलंवतंस."

"ते आदी," ती म्हणाली. "हाफटायमाला मी देवाला सांगितलं, माझं सोड, आत्यांचं ऐक. घंटा तुजी तुला देते."

म्हणजे डोळे मिटून बसली होती ती थंडीनं नव्हे. आणि इतके दिवस मी गल्लीत सांगत होते की माझ्या नवसानं पोरगी जिंकली. माझा नवस फळला तो सुनेनं जागा सोडली म्हणून. हे कळल्यावर मी घोंगडं जरा घुश्शातच वाहिलं.

तिनं घंटा बांधली आणि अशी बडवली की देवळावरची पाखरं उडाली.

"हळू वाजीव," मी म्हटलं. "देव बहिरा न्हाय."

"तुमी आन् मी एकदम बोलल्यावर झाला आसंल, आत्या."

त्यावर आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसून इतक्या हसलो की परतीची सोलापूरची एसटी चुकली. चालवत माझाच मुलगा होता, तरी थांबला नाही.